आधी सांगा, आत काय जाणार?

पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. भेटकार्डाचं नेहमीचं ए-सिक्स माप, म्हणजे ए-फोर कागदाचा पाव भाग, १४८ मिलिमीटर लांब भरतं. त्या मापाचं पाकीट केलं तर नोट आडवी मावत नाही, दोन मिलिमीटर बाहेर डोकावते. आणि पंजाबात भेट द्यायची नोट दुमडून दिलेली चालत नाही. बँकेतून मुद्दाम आणलेली कोरी करकरीत नोट पाकिटातून सरळच्या सरळ निघाली पाहिजे. “नोट मुडना नहीं चाहीदा, आंटीजी,” असं गिऱ्हाईक जाता जाता जिन्यातूनही बजावून जातं.

या आंटीजी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. तिथल्या शाळेत त्या कार्यानुभव शिकवायच्या. घोटीव कागदाची पाकिटं, पतंगी कागदाच्या झिरमिळ्या, कार्डशीटचे आकाशकंदील हे सगळं मुलांकडून करून घ्यायचं आणि तासाच्या शेवटी जमिनीवरचे कपटे त्यांच्याकडूनच गोळा करून घ्यायचे. परीक्षा जवळ आली की हाच तास गणिताला जायचा. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे बिऱ्हाड चंडीगडला आलं, सेक्टर एकवीसमधल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर. शाळा सुटली, पण कातर आणि फूटपट्टी काही सुटली नाही. शेजारच्या पंजाबी घरांत त्या आंटीजी आहेत, मराठी घरांत अजूनही बाई. इथेही त्यांना बाईच म्हणू.

दर वर्षी नोव्हेंबर सरत आला की बाईंच्या जेवणाच्या टेबलावर जेवण बंद होतं. हिरवी कटिंग मॅट पसरली जाते, स्टीलची पट्टी आणि कटर येतात, आणि नाताळची कार्डं व भेटीची छोटी पाकिटं यांचं काम सुरू होतं. मागणी घेऊन येणारा माणूस रंगापासून सुरुवात करतो: लाल हवं, सोनेरी हवं, वर घंटा हवी, सांताक्लॉज हवा. बाई ऐकून घेतात आणि मग विचारतात, “ते करू हो. पण आधी सांगा, आत काय जाणार?”

उत्तरं ठरलेली असतात. नोट जाणार, दुकानाचं गिफ्ट कार्ड जाणार, चॉकलेट जाणार, किंवा काहीच नाही, नुसतं कार्ड. प्रत्येक उत्तराला माप वेगळं. नोटेला लांबी लागते, चॉकलेटला तळ लागतो. गिफ्ट कार्डाचं माप जगभर एकच आहे, ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटर. आपल्या खिशातलं एटीएम कार्डही तेवढंच. आणि नुसत्या कार्डाच्या आतही काही जात नाही असं नाही. तिथे लिहिणाऱ्याचं अक्षर जातं, आणि त्याला जागा लागते.

बाईंचं कापणं बघण्यासारखं आहे. ए-फोरचा कागद २१० गुणिले २९७. लांबीवर १९० ला पहिला काप. या मोठ्या तुकड्यात नोटेचं पाकीट बसतं: पुढची बाजू ८०, मागची ८०, वरून दुमडायची पट्टी ३०. रुंदी १६५, आणि चिकटवायला दोन्हीकडे पंधरा-पंधरा. उरतो १०७ गुणिले २१० चा तुकडा. त्यात गिफ्ट कार्डाचं पाकीट निघतं, ९४ रुंद, ६२ उंच. मोठ्या तुकड्याच्या कडेला आणखी पंधरा मिलिमीटरची पट्टी राहते, ती छोट्या पाकिटाला पट्ट्यासारखी गुंडाळायची. एका कागदात दोन पाकिटं आणि एक पट्टा. अंगठा घालून कार्ड ओढता यावं म्हणून तोंडाशी अर्धगोल काप द्यायचा. त्यासाठी बाई दहाच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवतात. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. अंगठ्याला ऐसपैस होतं आणि कार्ड घसरून पडावं इतकं मोठंही होत नाही.

उत्तरेत शगुनाच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक अशी वरच्या एका रुपयाची सोय पाकीटवाल्यानंच करून ठेवलेली. चंडीगडच्या कुठल्याही सेक्टरच्या बाजारात अशी पाकिटं गठ्ठ्यानं मिळतात. हे नुसतं आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानात नववर्षाला मुलांना पैसे द्यायला पोचीबुकुरो नावाची इवलीशी कागदी पाकिटं असतात, चिनी घरांत लाल पाकिटं असतात. नाताळच्या पाकिटाला नाणं चिकटवून द्याल का, असं विचारणारे शेजारी बाईंना भेटले आहेत. त्यांनी दिलंही आहे. अडचण एकच, नाण्याच्या वजनानं पाकीट पुढे झुकतं आणि टेबलावर उभं राहत नाही. म्हणून नाणं वरच्या पट्टीवर न लावता तळाशी लावायचं.

हाताखाली दोन मुली येतात. एक सेक्टर दहाच्या आर्ट कॉलेजातली, दुसरी गल्लीतलीच, बी.कॉम.ची. दोघींना बाईंनी सगळ्यात आधी काय शिकवलं, तर क्रीज मारणं. जाड कागद सरळ दुमडला तर घडीवर तडकतो आणि आतले पांढरे तंतू दिसतात. त्याआधी घडीच्या रेषेवर खाच पाडावी लागते. त्यासाठी विकतची हत्यारं मिळतात, पण बाई शाई संपलेलं बॉलपेन वापरतात. पट्टी धरायची आणि एकाच दाबानं एकदाच ओढायचं. जिकडून रेघ ओढली तिकडे खळगा होतो आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत गेला पाहिजे. मुली हटकून उलटं करतात. खळगा दिसला की कागद त्यातच दुमडावासा वाटतो. तसं दुमडलं की बाहेरचे तंतू ताणले जातात आणि कार्ड तोंड मिटून राहत नाही, हळूहळू उघडतं. दुकानात मांडलेल्या कार्डांत जी तोंड वासून उभी असतात, त्यांची घडी बघा, असं बाई सांगतात.

त्याहून अवघड धडा ग्रेनचा. यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं पडलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर सुरेख बसते, आडवी घातली तर फाटल्यासारखी दिसते. दिशा ओळखायची कशी? कागद हलकेच वाकवून बघायचा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूनं तो मुकाट्यानं वाकतो ती त्याची दिशा. हातकागदाला ही भानगड फारशी नाही. चाळणीवर लगदा हलवून उचलला जातो, त्यामुळे तंतू कसेही विस्कटून बसतात आणि कागद सगळीकडून सारखाच वाकतो. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद बाई माहेरच्या फेरीत पिशवीभर घेऊन येतात. ही संस्था १९४० पासूनची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. महाराष्ट्राला या धंद्याचा वारसा तिच्याही आधीपासून आहे, जुन्नरचा कागद होता, दौलताबादजवळचं कागजीपुरा होतं.

चंडीगडचा डिसेंबर मात्र कागदाच्या जिवावर उठलेला असतो. सकाळी धुकं इतकं की समोरच्या घराचं फाटक दिसत नाही. हवेतला ओलावा कागद पितो आणि फुगतो, तोही ग्रेनला आडवा जास्त, उभा कमी. दोन कागद एकमेकांवर चिकटवताना त्यांचे ग्रेन आडवे-उभे पडले, तर संध्याकाळपर्यंत कार्ड पापडासारखं वळतं. पांढरा गोंद पाणी उडून गेल्यावरच धरतो, आणि या गारठ्यात पाणी उडायला वेळ लागतो. हीटरजवळ ठेवलं तर एक बाजू आधी वाळते आणि पुन्हा तेच. म्हणून गोंदाचं काम उन्ह वर आल्यावर, साधारण अकरा ते तीन. तेव्हा आसपासच्या गच्च्यांवर लोक शेंगा सोलत, संत्री खात उन्हाला बसलेले असतात. बाई उन्हाच्या कडेला, सावलीत. रंगीत कागदाला ऊन सोसत नाही. चिकटवलेली कार्डं दोन फळ्यांमध्ये घालून वर विटा ठेवायच्या. संध्याकाळचं काम कापण्याचं आणि क्रीजचं.

नाताळच्या कार्डाची कथा लंडनमध्ये १८४३ साली सुरू होते. हेन्री कोल नावाच्या एका उद्योगी सरकारी अधिकाऱ्याला इतकी पत्रं येत की उत्तरं देणं हाताबाहेर गेलं. त्याआधी तीनच वर्षं ब्रिटनमध्ये एका पेनीचं टपाल सुरू झालं होतं, आणि ते सुरू करणाऱ्यांत कोलही होते. त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध पेला उंचावणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. त्याच्या हजार प्रती छापल्या, हातानं रंगवल्या आणि एक शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. चित्रातलं लहान मूलही वाइन पितंय म्हणून दारूबंदीवाले भडकले, ते वेगळंच.

बाईंना या कार्डात चित्रापेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. कोल यांनी वर कोणाला आणि खाली कोणाकडून हे लिहायला मोकळ्या जागा सोडल्या होत्या. पत्रं लिहायचा कंटाळा आलेल्या माणसानं छापून घेतलेल्या कार्डातसुद्धा हातानं लिहायची जागा होती.

या कोलसाहेबांचा आणि चंडीगडचा एक लांबचा धागा जुळतो. ते पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे संचालक झाले, आणि तिथल्या कलाशिक्षणाची पद्धत हिंदुस्थानातल्या कलाशाळांत आली. त्या संग्रहालयाच्या इमारतीच्या सजावटीवर काम केलेले जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. तिथून १८७५ मध्ये ते लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य म्हणून गेले. फाळणीत लाहोर पलीकडे राहिलं. मग त्या शाळेची परंपरा सांगणारी कलाशाळा १९५१ मध्ये सिमल्यात सुरू झाली आणि १९६२ मध्ये चंडीगडला आली. तेच आजचं सेक्टर दहाचं गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ आर्ट, जिथली विद्यार्थिनी बाईंच्या टेबलावर बसून क्रीज मारते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आंटीजी, परीक्षेला हे विचारत नाहीत.”

तर लिहायची जागा. हाताने केलेल्या कार्डांत हीच जागा सगळ्यात आधी मारली जाते. काळा कागद घेतला की त्यावर साधं पेन उठत नाही. चमकीचा कागद घेतला की पेन घसरतं. हातकागदाला पुरेशी खळ नसेल तर शाई फुटते आणि ‘प्रिय’ लिहिलेलं डागासारखं दिसतं. समोर कागदाच्या गुंडाळ्यांची फुलं फार उंच केली, तर मागून लिहिताना कार्ड टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगतं. बाई प्रत्येक कार्डात शंभर जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम भरणारा, पांढरा, गुळगुळीत कागद घालतात आणि तो घडीजवळ एका कडेलाच चिकटवतात. पूर्ण चिकटवला तर दोन्ही कागद एकमेकांना ओढतात. नवीन कागद आणला की त्याच्या कोपऱ्यावर घरातली सगळी पेनं चालवून बघायची. जेल, बॉल, शाईचं. ज्या कागदावर तिन्ही चालतात तोच आत जातो.

आत छापील मजकूर घालून द्या, असं सांगणारे असतातच. बाई एकच ओळ देतात, नाताळच्या शुभेच्छांची, तीही पानाच्या खालच्या बाजूला. एका गृहस्थांनी चार ओळींची कविता छापायला सांगितली होती. “मग तुम्ही कुठं लिहिणार?” असं बाईंनी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि दोन ओळी कमी केल्या.

चित्र काय असावं हा वेगळा वाद. वरच्या पानावर बर्फ, सूचिपर्णी झाडं आणि धुरांड्यातून धूर निघणारं घर असलं की नाताळ, अशी सवय डोळ्यांना झालेली आहे. चंडीगडला बर्फ पडत नाही. बर्फाला सिमल्याला जावं लागतं. स्वच्छ रात्री डोंगरावर कसौलीचे दिवे दिसतात, तेवढंच. शेजारच्या आजींनी एकदा ट्रंकेतली फुलकारी काढून दाखवली. जाड खादीवर रेशमी धाग्यानं, कापडाच्या उलट बाजूनं, धागे मोजून भरलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन. चित्र काढून घेतलेलं नाही, सगळं मोजणीवर. बाईंनी तो नमुना आलेखाच्या कागदावर उतरवला, त्यातून एक तारा काढला आणि कार्डावर सुईनं भोकं पाडून रेशमानं टाचला. कागदावर टाचताना दोन भोकांत तीनेक मिलिमीटर तरी अंतर ठेवावं लागतं. त्याहून जवळ पाडली तर टपालाच्या तिकिटासारखा कागद त्या रेषेवर फाटून येतो. म्हणून कापडावरची दाट फुलकारी कागदावर विरळ होते. आजींनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, टाके तपासले आणि गाठी मागे दिसतात म्हणून नापसंती दाखवली. तेव्हापासून मागे एक पातळ कागद लागतो.

सेक्टर एकोणीसमध्ये ख्राइस्ट द किंग कॅथेड्रल आहे. तिथे जाणाऱ्या काही कुटुंबांना गोठ्यातला जन्म दाखवणारी कार्डं हवी असतात. त्यांच्यासाठी बाईंनी डोक्यावर पदर घेतलेली मरियम केली, नुसती छायाकृती, एका कागदातून कापलेली. ही कल्पना त्यांची नाही, आणि त्या तसं सांगतातही. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह बेटावर १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहिले आणि तिथे मरियमेला साडी नेसवून चित्रं काढली. गोव्यात त्यावरून टीका झाली. १९६७ मध्ये ते पुण्यातच वारले. बाईंनी त्यांची चित्रं पाहिली ती छापील पुस्तकात. कातरकामात मोठी अडचण पदराची. पदर चेहऱ्यापासून सुटा दाखवायचा, तर मध्ये कागदाचा दोन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो, नाहीतर डोकंच निखळून येतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंजाबात आणखी एक गोष्ट असते. गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन पुत्रांना, साहिबजादा जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, सरहिंदला भिंतीत चिणलं गेलं, त्याचे हे दिवस. फतेहगढ साहिबला मोठी गर्दी लोटते, आणि ते गाव चंडीगडपासून फार लांब नाही. पुष्कळ शीख घरांत या दिवसांत लग्नकार्य काढत नाहीत, गाजावाजा करत नाहीत. मुलांच्या शाळेत नाताळ, घरात शोक. बाईंना हे कोणी बसवून समजावलं नाही. एका शेजारणीनं मागणी देताना सांगितलं, “कार्ड शाळेतल्या टीचरसाठी आहे, पण घंटा नको, सोनेरी नको, आणि वर नवीन वर्षाचं लिहा.” आता बाई अशा घरांसाठी निळ्या-पांढऱ्या कागदाची वेगळी कार्डं ठेवतात. ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातही चालतात. कोणाला कुठलं दाखवायचं, ते मागणी घेताना बोलण्यातून कळतं.

किंमत सांगणं हा बाईंच्या मते या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. कागद, गोंद, रेशीम यांचा खर्च थोडा, वेळेचा जास्त. गिऱ्हाईक मात्र कागदाकडे बघून भाव करतं. “कागदच तर आहे आंटीजी!” यावर त्यांनी एक पद्धत बसवली आहे. कार्डावर किती वेळा हात फिरतो ते मोजायचं: किती काप, किती घड्या, किती ठिकाणी गोंद, किती टाके. त्यावर दर. मुलींनाही मजुरी याच हिशेबानं, त्यामुळे गुळगुळीत, सोपं कार्ड कोणी ढापत नाही आणि टाचायचं कार्ड कोणी टाळत नाही. एका दुकानदारानं माल ठेवून घेतला आणि पैसे होळीला दिले. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कागदाला कटर लागत नाही.

चंडीमंदिरच्या छावणीतल्या काही मराठी बायका अधूनमधून शिकायला येतात. नवऱ्यांच्या बदल्या सतत होत असल्यानं त्यांना पेटीत मावेल असा उद्योग हवा असतो. मॅट, पट्टी, कटर, रिकामं पेन आणि गोंदाची बाटली, एवढ्यावर हा धंदा कुठेही मांडता येतो. त्यांना बाई पहिल्या दिवशी रंगीत कागद देतच नाहीत. वर्तमानपत्राचं पाकीट करायचं आणि त्यात एटीएम कार्ड घालून काढून दाखवायचं. कोणी कुरकुर केली की शाळेतला आवाज लागतो, “आधी घडी, मग फुलं.”

कार्डांचे बरे दिवस बाईंनी पाहिले आहेत. १९७९ मध्ये रिपन कपूर यांनी मुंबईत सुरू केलेल्या क्राय या संस्थेची शुभेच्छापत्रं त्या शाळेतून मागवायच्या. त्याच वर्षी आर्चीजही सुरू झालं, आणि पुढच्या दोन दशकांत गावोगावच्या दुकानांत कार्डांचे फिरते स्टँड आले. त्याआधी युनिसेफची कार्डं होती. त्यांतलं पहिलं १९४९ चं, यित्का साम्कोव्हा या चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. युद्धानंतर मिळालेल्या मदतीचे आभार म्हणून तिनं फेर धरून नाचणारी मुलं काढली होती. मग मोबाइल आला आणि फिरते स्टँड गेले. बाईंची सकाळही आता शंभरेक फॉरवर्ड केलेल्या गुलाबांनी उजाडते. तरी त्यांच्याकडची मागणी गेलेली नाही, कारण पैसे, चॉकलेट, गिफ्ट कार्ड यांना अजून पाकीट लागतं. कार्ड पाकिटाच्या आधारानं टिकलं आहे. अलीकडे त्या दोन्ही एकत्रच करतात: पुढे चित्र, उघडलं की डावीकडे खिसा, उजवीकडे लिहायचा पांढरा कागद.

टपालानं जाणाऱ्या कार्डांचं मात्र वजन करावं लागतं. साध्या पत्राचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा. तीनशे जीएसएमचं ए-सिक्स कार्ड नऊ-साडेनऊ ग्रॅम भरतं, आतला कागद तीन, पाकीट आणखी चार-पाच. फुलाखाली उठाव यायला फोमची टेप लावली, मणी लावला, की काटा पुढे जातो. आणि जाड मणी टपालाच्या शिक्क्याखाली फुटतो. म्हणून टपालाच्या कार्डावर मणी नाही, टाके चालतात. नोटा घातलेलं पाकीट साध्या टपालानं पाठवता येत नाही, त्याचा विमा उतरवावा लागतो. त्यामुळे नोटांची पाकिटं हातोहात जातात, आणि त्यांच्यावर बाई हवे तेवढे मणी लावतात.

उरलेल्या तुकड्यांसाठी बुटांचे खोके आहेत, रंगवार. ज्या शहरात नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांमधून रॉक गार्डन उभं केलं, तिथे कपटे फेकायला जीव होत नाही, असं बाई म्हणतात, आणि लगेच सांगतात की सातारच्या शाळेतही त्या फेकू देत नसत. बोटभर तुकड्यांची भेटीवर लावायची नावाची चिठ्ठी होते. त्याहून लहान तुकडे मुली पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून, चाळणीवर पसरतात. चमकीचा कागद यात घालायचा नाही, ती प्लास्टिकची असते आणि लगद्यात तशीच राहते. हा घरचा कागद खडबडीत, राखाडी. लिहायला कामाचा नाही, पण खोक्याच्या तळाला चालतो.

नाताळ उरकला की टेबल रिकामं होईल, असं घरच्यांना वाटतं. पण १३ जानेवारीला लोहडी आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. पंजाबी घरांना रेवडी, गजक, शेंगा वाटायला पाकिटं हवीत, मराठी घरांना तिळगुळासाठी. साचा नाताळच्या चॉकलेटच्या पाकिटाचाच, लाल कागदाऐवजी पिवळा. फरक आतल्या जिनसेचा. तिळाला तेल सुटतं आणि दुसऱ्या दिवशी कागदावर डाग उमटतो, म्हणून आत बटर पेपरची पिशवी. रेवडी कोरडी, तिला ती लागत नाही, पण ती जड, म्हणून तळाला तो राखाडी कागद दुहेरी. हलवा असेल तर तळ अरुंद आणि तोंड लहान, म्हणजे देताना ओंजळीत एकदम सगळा ओतला जात नाही. यंदा फोनवर एका नव्या गिऱ्हाइकानं पन्नास पाकिटं सांगितली, रंग सांगितला, पतंगाचं चित्र सांगितलं आणि भाव विचारला. बाईंनी पेन उघडलं आणि त्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न केला. पलीकडून उत्तर आलं, “अजून ठरलं नाही.” “मग ठरलं की फोन करा,” बाई म्हणाल्या, “तोवर मी कागद बघून ठेवते.”